वाद कोणाशी? पाश्चात्त्य चित्रकला बघायला शिकताना

इंटरमिजिएटच्या ड्रॉइंग परीक्षेला बसलेल्यांना स्थिरचित्राचं ते टेबल आठवत असेल. तांब्या, दोन वांगी, मागे मुद्दाम चुरगळून टाकलेला पडदा. सर म्हणायचे, उजेड डावीकडून आहे, सावली उजवीकडे पाडा. आपण पाडायचो. उजेड एकाच बाजूनं का आणि पडदा चुरगळायचा कशाला, हे विचारायचं कधी सुचलं नाही. त्या टेबलामागे युरोपातली चार-पाच शतकं उभी आहेत हे मला फार उशिरा कळलं, तेही आडवळणानं.

आडवळण असं की चित्रकलेचा इतिहास शिकायचा म्हणून मी एका वहीत यादी केली. गॉथिक, प्रबोधनकाळ, बरोक, रोकोको, नवअभिजातवाद, स्वच्छंदतावाद, वास्तववाद, दृक्प्रत्ययवाद, घनवाद, अतिवास्तववाद. पाढ्यांसारखी पाठ केली. मग एखादं चित्र समोर आलं की पहिला प्रश्न डोक्यात यायचा, हे कुठल्या खणात टाकायचं? खण सापडला की पान उलटायचं. चित्र बघायचं राहूनच जायचं.

यातून सुटका केली ती मराठीनंच. या नावांच्या शेपटीला जो 'वाद' लागतो, त्याचा आपल्याकडे दुसराही अर्थ आहे: भांडण. घनवाद हे तत्त्वज्ञान वगैरे असेलही, पण आधी ते भांडण आहे. कोणी, कोणाशी, कशावरून भांडलं एवढं हाती लागलं की चित्रातल्या निम्म्या गोष्टींचा उलगडा होतो. खालच्या पायऱ्या याच रस्त्यानं जातात. क्रम मोडला तरी चालेल, फक्त पहिली पायरी गाळू नका.

पहिली पायरी: एक चित्र, पंधरा मिनिटं

सुरुवात मोनालिसापासून करू नका. ती इतक्या मगांवर आणि विनोदांत बघून झालीय की आता दिसतच नाही. त्याऐवजी लंडनच्या नॅशनल गॅलरीच्या संकेतस्थळावर अर्नोल्फिनी दांपत्याचं चित्र शोधा. यान व्हान आयकनं ते १४३४ साली ओकच्या फळीवर रंगवलं. मूळ चित्र उंचीला जेमतेम ८२ सेंटिमीटर आहे, तेव्हा लॅपटॉपच्या पडद्यावर बघा. मोबाइलवर बघू नका.

पहिली पाच मिनिटं अर्थ लावायचा नाही, नुसती मोजदाद करायची. कागद घ्या आणि दिसेल ते लिहा. काळ्या टोपीतला फिकट चेहऱ्याचा पुरुष. हिरव्या झग्यातली बाई. पायाशी झिपरं कुत्रं. जमिनीवर काढून ठेवलेले लाकडी जोडे, थेट आपल्या खडावांची आठवण यावी असे. खिडकीशी संत्री. झुंबरात एकच मेणबत्ती, आणि ती दिवसाढवळ्या जळतेय. मागच्या भिंतीवर बाहेर फुगलेला गोल आरसा.

आता आरशावर थांबा आणि चित्र मोठं करा. त्यात या जोडप्याच्या पाठी दिसतात, आणि त्यांच्या पलीकडे दारात उभी आणखी दोन माणसं. म्हणजे ती आपल्या जागी उभी आहेत. आरशाच्या वर भिंतीवर वळणदार लॅटिन अक्षरांत लिहिलंय: यान व्हान आयक इथे होता, १४३४. सिंहगडाच्या भिंतींवर नावं कोरणाऱ्यांचा हा पूर्वज म्हणायचा, फक्त हात जरा बरा.

बाई गरोदर आहे असं नवखा माणूस हमखास म्हणतो. बहुधा नसावी. घोळदार झगा पोटाशी उचलून धरायची तेव्हा फॅशन होती, आणि त्या काळच्या चित्रांत कुमारिका संतिणीही अशाच दिसतात. संत्री मात्र मुद्दाम ठेवलेली असणार. उत्तर युरोपात ती दुरून यायची आणि महाग पडायची. हा इटलीतल्या लुक्का गावचा व्यापारी, धंद्यासाठी ब्रुज शहरात राहिलेला. आपल्याकडे दिवाणखान्यात फोटो काढताना नवा फ्रीज मागे येईल असं बघायचे, तसलाच प्रकार.

शेवटची पाच मिनिटं एकाच प्रश्नाला द्या: हा रंग कशात कालवलाय? आधीचे चित्रकार बहुतेक वेळा रंगाची पूड अंड्याच्या बलकात कालवायचे. ती मिनिटांत वाळते, त्यामुळे एका छटेतून दुसरीत अलगद जाता येत नाही, बारीक रेघांनी काम भागवावं लागतं. जवसाचं तेल सावकाश वाळतं. पातळ, जवळजवळ पारदर्शक थर एकावर एक देता येतात, आणि उजेड त्या थरांच्या आत शिरून परत येतो. कुत्र्याचा केस न् केस आणि झुंबराच्या पितळेवरची चकाकी जमली ती त्यामुळे. तैलरंगाचा शोध व्हान आयकनं लावला ही जुनी दंतकथा आहे. तेल आधीपासून वापरात होतं, त्यानं ते कुणालाही जमलं नव्हतं इतकं पुढे नेलं.

दुसरी पायरी: खुंट्या ठोका

सगळ्या सनावळ्या पाठ करायच्या नाहीत. पाच-सहा खुंट्या पुरतात, आणि त्या आपल्या इतिहासाशेजारी ठोकल्या तर निसटत नाहीत.

ज्ञानेश्वरांची समाधी १२९६ ची. त्यानंतर दहाएक वर्षांत, १३०५ च्या सुमाराला, जॉत्तो इटलीतल्या पादुआ इथे एका छोट्या प्रार्थनामंदिराच्या भिंती रंगवत होता. ख्रिस्ताच्या मृतदेहाभोवती बसलेली काही माणसं त्यानं चक्क आपल्याकडे पाठ करून बसवली. चित्रातल्या माणसांना आपल्याशी देणंघेणं नाही, ती त्यांच्या दुःखात आहेत, हे तेव्हाच्या नजरेला नवीन होतं.

१५०४: मायकेलँजेलोचा डेव्हिड, म्हणजे गोफणीनं गोलियाथ या राक्षसी योद्ध्याला मारणाऱ्या बायबलमधल्या पोराचा पुतळा, फ्लॉरेन्सच्या चौकात उभा राहिला. लिओनार्दो आणि राफेल याच्याच आगेमागे, म्हणजे प्रबोधनकाळाचं टोक.

१६५६: महाराजांनी जावळी घेतली ते साल. त्याच वर्षी माद्रिदच्या राजवाड्यात वेलास्केथ 'लास मेनिनास' रंगवत होता. छोटी राजकन्या, तिच्या दासी, एक मोठं कुत्रं, बाजूला भल्यामोठ्या कॅनव्हासमागे उभा खुद्द चित्रकार, आणि मागच्या आरशात राजा-राणी. आरसा ओळखीचा वाटला का? व्हान आयकचं ते चित्र तेव्हा स्पेनच्या राजाच्याच संग्रहात होतं.

१८१८: इकडे पेशवाई बुडाली. तिकडे पॅरिसमध्ये जेरिको 'मेड्युसाचा तराफा' रंगवायला घेत होता. सरकारी जहाज फुटलं, कप्तानानं माणसं तराफ्यावर सोडून दिली, त्यातली मोजकीच वाचली. सत्य घटना, आणि सरकारची नाचक्की करणारी. स्वच्छंदतावाद या गोड नावानं काय काय खपतं ते बघा.

उरलेल्या दोन खुंट्या, १८७४ आणि १९०७, पुढे येतीलच.

तिसरी पायरी: प्रत्येक नावापुढे 'वाद कोणाशी?' लिहा

ही पायरी लांब आहे, कारण खरं काम इथेच आहे. दोन भांडणं नीट समजून घ्या, बाकीची तुमची तुम्हाला जमतील.

पहिलं भांडण चर्चमधलं. १५१७ मध्ये मार्टिन लूथरनं रोमच्या पोपशी उभा दावा मांडला. पुढे त्याच्या बाजूच्या काही पंथांनी देवळातली चित्रं म्हणजे मूर्तिपूजा असं ठरवलं. १५६६ मध्ये नेदरलँड्समध्ये जमावांनी चर्चमध्ये घुसून मूर्ती आणि चित्रं फोडली. रोमनं उलट पवित्रा घेतला. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं १५६३ मध्ये सांगितलं, चित्रं राहणार, पण ती साध्या माणसाला कळली पाहिजेत आणि त्याच्या काळजाला भिडली पाहिजेत.

त्यातून निघालं ते बरोक. रोमच्या सान लुईजी दे फ्रांचेझी या चर्चमध्ये कॅराव्हाज्जोचं 'संत मॅथ्यूला बोलावणं' आहे, १६०० च्या आसपासचं. एका कळकट खोलीत पाच जण टेबलाभोवती बसून नाणी मोजतायत. त्यांचे कपडे ख्रिस्ताच्या काळातले नाहीत, चित्रकाराच्या काळातल्या रोममधले आहेत. उजवीकडून ख्रिस्त आत येतो, हात पुढे करतो, आणि त्याच्या डोक्यावरून उजेडाची तिरीप थेट टेबलापर्यंत जाते. बाकी सगळा अंधार. देव मुनीमांच्या पेढीवर येऊन उभा राहिला, तेही सोन्याच्या प्रभावळीचा थाट न करता. तो हातही चोरलेला आहे: मायकेलँजेलोनं सिस्टीन चॅपलच्या छतावर आदमला दिलेला हात. (कॅराव्हाज्जो स्वतः संत वगैरे नव्हता. १६०६ मध्ये त्यानं एका माणसाला ठार मारलं आणि उरलेली चार वर्षं तो पळत राहिला.) एका बाजूनं येणारा उजेड आणि बाकी काळोख ही युक्ती तिथून युरोपभर गेली. आर्तेमिजिया जेंतिलेस्की या बाईनं ती उचलली आणि बायबलमधली ज्युडिथ शत्रूचा सेनापती होलोफर्निसचा गळा कापते ते चित्र असं रंगवलं की पुरुष चित्रकारांच्या नाजूक ज्युडिथ खोट्या वाटाव्यात. बाह्या वर सारलेल्या, दंडात जोर, चेहऱ्यावर एखादं जड काम उरकतानाचा ताण.

आणि दुसरी बाजू? हॉलंडमधली चर्चं चुन्यानं पांढरी झाली. देवळाचं गिऱ्हाईक गेलं, तेव्हा चित्रकारांनी व्यापाऱ्यांच्या घरांसाठी चित्रं काढायला घेतली. निसर्गचित्रं, फळं-मासे-भांडी, दूध ओतणारी मोलकरीण. वर्मिरची आज जेमतेम पस्तीसेक चित्रं आपल्याला माहीत आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांत एक खोली, एक खिडकी आणि डावीकडून येणारा उजेड आहे. आपल्या सरांचा उजेड.

दुसरं भांडण पॅरिसमधलं. तिथे एकोणिसाव्या शतकात चित्रकाराचं नशीब एका जागी ठरायचं: सलोन, म्हणजे अकादमीच्या मताचं सरकारी प्रदर्शन. अकादमीची उतरंड पक्की होती. वर इतिहास आणि पुराणातले प्रसंग, मग व्यक्तिचित्र, खाली निसर्ग, आणि तळाला आपलं तांब्या-वांग्याचं टेबल. ब्रशचा फटकारा दिसता कामा नये, चित्र गुळगुळीत हवं. १८६३ मध्ये परीक्षकांनी इतकी चित्रं परत पाठवली की बोभाटा झाला, आणि सम्राट तिसऱ्या नेपोलियननं नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन भरवायची परवानगी दिली. लोक हसायला आले. सगळ्यात जास्त हसू माने या चित्रकाराच्या वाट्याला आलं: गवतावर सहलीला बसलेले दोन सुटाबुटातले पुरुष आणि त्यांच्याबरोबर एक विवस्त्र बाई. विवस्त्र बायका सलोनला चालायच्या, पण त्या देवता असायला हव्यात. ही थेट आपल्याकडे बघते. (माने आणि मोने यांत गोंधळ सगळ्यांचाच होतो. माने माणसं काढतो, मोने पाणी. ढोबळ आहे, पण सुरुवातीला कामी येतं.)

१८७४ मध्ये मोने, रन्वार, देगा, पिसारो, सेझान, बेर्त मोरिसो अशा तीसेक जणांनी सलोनला बगल देऊन नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचं प्रदर्शन भरवलं. मोनेच्या एका चित्राचं नाव होतं 'इम्प्रेशन, सूर्योदय'. लरुआ नावाच्या टीकाकारानं त्यावरूनच साऱ्या गटाची टर उडवली, आणि ती शिवीच पुढे नाव झाली. आपण तिला दृक्प्रत्ययवाद म्हणतो. शब्द भारदस्त आहे, पण मुळातली थट्टा त्यात हरवली.

या चित्रावर घरी एक प्रयोग करा. ते मोबाइलवर उतरवून घ्या आणि फोटोचा रंग काढून कृष्णधवल करा. तो नारिंगी सूर्य जवळजवळ गायब होतो. मोनेनं सूर्य आकाशापेक्षा उजळ रंगवलाच नाही. दोघांचा उजळपणा सारखा ठेवला, फरक फक्त रंगाचा. रंगीत चित्रात तो सूर्य थरथरल्यासारखा वाटतो त्याचं कारण हे. त्याला घाईत फराटे मारणारा म्हणून हसणाऱ्यांना हा हिशोब दिसला नव्हता.

एक कारण अगदी दुकानातलं आहे. १८४१ मध्ये पिळून रंग काढायची कथलाची ट्यूब निघाली. त्याआधी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवायचे, आणि ती फुटायची. ट्यूब आली आणि बाहेर नदीकाठी बसून अख्खं चित्र पुरं करणं सोपं झालं. तोवर कॅमेराही आला होता. हुबेहूब चेहरा काढणं ही एकट्या चित्रकाराची मक्तेदारी राहिली नव्हती.

चौथी पायरी: एक विषय, तीन हात

अर्धा तास काढा आणि तीन डेव्हिड शेजारीशेजारी ठेवा. तिन्ही इटालियन, तिन्ही पुतळे. दोनातेल्लोचा कांस्याचा, पंधराव्या शतकातला: अंगावर टोपी आणि बूट एवढंच, पायाखाली गोलियाथचं तोडलेलं डोकं, लढाई संपलेली. मायकेलँजेलोचा संगमरवरी: लढाई व्हायचीय, गोफण खांद्यावर, कपाळाला आठी. बर्निनीचा १६२४ च्या सुमाराचा: दगड सुटायच्या क्षणीचा, कंबरेतून पिळलेला, ओठ दाबून धरलेले. त्याच्या समोर उभं राहिलं तर आपण गोलियाथच्या जागी असतो. प्रबोधनकाळ आणि बरोक यांतला फरक शब्दांत सांगायला मला नेहमी त्रास होतो. हे तीन फोटो दाखवले की काम होतं.

पाचवी पायरी: 'हे तर आमचा बंड्याही काढेल'

विसाव्या शतकात शिरलं की हे वाक्य तोंडात येतंच. येऊ द्या. फक्त त्यानंतर तोच प्रश्न विचारा, वाद कोणाशी?

सेझान आयुष्यभर सफरचंदं आणि एक डोंगर रंगवत राहिला. टेबलाची डावी कड उजवीशी जुळत नाही, कारण तो एका जागेवरून बघतच नाही. प्रबोधनकाळानं शिकवलेलं यथादर्शन, म्हणजे दूरच्या वस्तू लहान दाखवून खोली भासवायची रीत, एका डोळ्याच्या, न हलणाऱ्या माणसाचं असतं. त्याच्याशी हे भांडण. १९०७ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, पॅरिसमध्ये त्याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं. त्याच वर्षी पिकासोनं 'आव्हिन्योच्या मुली' पुरं केलं: पाच बायका, कोयत्यानं कापल्यासारखी अंगं, दोघींच्या चेहऱ्यांवर आफ्रिकी मुखवट्यांची छाया. ब्राक आणि पिकासो पुढे याच वाटेनं घनवादाकडे गेले.

हे भांडण मुंबईपर्यंत आलं. सर जे. जे. कला महाविद्यालय १८५७ चं, आणि तिथलं शिक्षण युरोपातल्या अकादमीच्या वळणाचं. १९४७ मध्ये सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह गट काढला तो याच वळणाशी भांडून. १९४८ मध्ये श्रीनगरला रझांची भेट आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराशी झाली. त्यानं चित्रं बघून सांगितलं, बांधणी कमी पडतेय, सेझानचा अभ्यास कर. १९५० मध्ये रझा पॅरिसला पोहोचले.

द्यूशाँ या फ्रेंच कलावंताचं भांडण सगळ्यात खोडसाळ. १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनाचा नियम होता, शुल्क भरेल त्याची कलाकृती लागेल. त्यानं चिनी मातीचं मुतारीचं भांडं आणलं, आडवं ठेवलं, त्यावर 'आर. मट' अशी सही केली आणि पाठवलं. शुल्क भरलेलं असूनही ते मांडलं गेलं नाही. मूळ भांडं हरवलं. आज संग्रहालयांत दिसतात त्या नंतरच्या प्रतिकृती. बंड्या हे करू शकला असता का? भांडं आणणं जमलं असतं. नियम वाचून पाठवणं अवघड होतं.

मोंद्रियान, कांडिन्स्की, पोलॉक, वॉरहॉल यांना सध्या घाईनं गाठू नका. अमूर्त चित्राची सवय हळूहळू लागते, आणि छापील पानावर ती लागत नाही.

सहावी पायरी: प्रत्यक्ष जा, माप बघा

पुस्तकात सगळी चित्रं एका मापाची होतात, हा मोठा घोटाळा आहे. दालीचं वितळलेल्या घड्याळांचं चित्र वहीच्या पानाएवढं, २४ बाय ३३ सेंटिमीटर. पिकासोचं 'गेर्निका' पावणेआठ मीटर रुंद, म्हणजे मोठ्या दिवाणखान्याची भिंत.

परदेशी जायचा योग आला तर एका फेरीत पाच चित्रांपेक्षा जास्त बघू नका. मी एकदा दिवसभरात चाळीसेक दालनं पालथी घातली. रात्री आठवलं ते फक्त पाय दुखत होते एवढंच. लंडनच्या नॅशनल गॅलरीत कायमच्या संग्रहाला तिकीट नाही, तेव्हा तिथे अर्धा-अर्धा तास तीनदा गेलेलं बरं. घरबसल्या ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियमच्या संकेतस्थळावरून मोठ्या आकाराची चित्रं फुकट उतरवता येतात. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा घराण्यानं दिलेली युरोपीय तैलचित्रं आहेत. नावं मोठी नसली तरी तैलरंगाचा थर कसा चमकतो ते नाक भिंतीला लावून बघायला तेवढी पुरतात (रखवालदार ओरडेपर्यंत).

आणि गोव्याला गेलात तर जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्च. रांग संत फ्रान्सिस झेवियरच्या चांदीच्या पेटीकडे बघत पुढे सरकते. ती पेटी गोव्याच्याच कारागिरांनी १६३७ च्या सुमाराला घडवली. तुम्ही नजर खाली आणा. पेटीखालचा रंगीत संगमरवरी चौथरा आणि त्यावरचे कांस्याचे उठावदार प्रसंग फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराचे आहेत. तिथल्या मेदिची घराण्याच्या तिसऱ्या कोझिमोनं ते भेट म्हणून पाठवले आणि १६९८ मध्ये इथे उभे केले. मग मुख्य वेदीकडे वळा, सोन्यानं मढलेल्या, आणि तिलाही विचारा, वाद कोणाशी? उत्तर तिसऱ्या पायरीत येऊन गेलंय: चर्चं चुन्यानं पांढरी करणाऱ्यांशी. ते काही फार लांब नव्हते. १६४२ मध्ये रेम्ब्रांट ॲमस्टरडॅमला 'नाइट वॉच' पुरं करत होता, तेव्हा त्याच्याच देशाची जहाजं मांडवीच्या मुखाशी गोव्याची नाकेबंदी करून उभी होती.